हिवाळ्यातली धार

जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्याचे फोटो काढायचे म्हणजे निम्मा वेळ पावसाशी झगडण्यातच जातो. लेन्सवरचे थेंब पुसायचे, छत्री कुणाला तरी धरायला लावायची, धुकं सरेल म्हणून तासभर ताटकळायचं आणि शेवटी एक पांढरा पडदा टिपून परतायचं. हिवाळ्यात यातलं काही नसतं. हवा स्वच्छ असते, पायवाट कोरडी असते, गर्दी ओसरलेली असते. फक्त पाणी कमी असतं, आणि तेवढ्यावरून बरेच जण कॅमेरा घरी ठेवतात. मला हिवाळाच जास्त आवडतो. पाणी उतरलं की त्यामागचा कडा दिसू लागतो. मग फोटो कड्याचा, त्यावर पडलेल्या उजेडाचा आणि एका धारेचा काढायचा. पावसाळ्यातलं दृश्य शोधायला डिसेंबरात गेलात, तर हाती काही लागणार नाही.

आधी पाणी कुठे सापडेल ते पाहू. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे वाहून आलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतात. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाणी फारसं मुरू देत नाही. भेगांमध्ये आणि दोन थरांमधल्या मऊ भागात जे साठतं, तेवढंच पुढे झिरपत राहतं. म्हणून माथ्यावर उघडं पठार असलेला धबधबा दसऱ्यानंतर झपाट्याने आटतो आणि माथ्यावर दाट जंगल असलेला नाताळपर्यंत, कधी त्याच्याही पुढे तग धरतो. गोव्याच्या सरहद्दीवरचा ३१० मीटर उंचीचा दूधसागर अशांपैकी आहे. भगवान महावीर अभयारण्यातल्या जंगलातून येणाऱ्या मांडवीचं पाणी हिवाळ्यातही त्याच्या टप्प्याटप्प्यांवरून उतरत असतं. कुळ्याहून परवान्याच्या जीपने तिथे जाता येतं. रेल्वेरुळांवरून चालत जायला मनाई आहे, आणि ती पाळावीच. महाबळेश्वरजवळ वेण्णेवरचा लिंगमळा हिवाळ्यात बराच बारीक होतो, पण त्याचा कडा इतका देखणा आहे की धार बारीक असली तरी जावं.

निघण्याआधी गावात कुणाच्या ओळखीने फोन करता आला तर करा. मात्र ‘धबधबा चालू आहे का’ असं विचारू नका. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, त्यामुळे उत्तर ‘हो, या की’ असंच मिळतं. ‘धार खालच्या डोहापर्यंत पोचते का, की मध्येच कड्याला चिकटून जिरते?’ असं विचारा. नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं.

रंधा धबधब्याचं गणित निराळं आहे. प्रवरा नदीवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या खाली काही किलोमीटरवर ही नदी सुमारे १७० फूट खोल दरीत उडी घेते. पावसाळा सरल्यावर रंध्याचं पाणी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असतं. रब्बीसाठी आवर्तन सुटलं की ऐन थंडीतही कडा गर्जत असतो, ते बंद झालं की दोन-चार बारीक धारा उरतात. एका डिसेंबरात मी आवर्तन बंद असताना तिथे पोचलो होतो. मनात ठेवलेला फोटो मिळणार नव्हता, म्हणून दिवसभर त्या उघड्या पडलेल्या खडकाकडेच पाहत बसलो. पाण्याने कातलेल्या खोबणी, रांजणखळगे, थरावर थर रचल्यासारखी दिसणारी भिंत. हिवाळ्यात काय टिपायचं हे मला त्या दिवशी कळलं. धरणाखालच्या नदीत उतरण्याबद्दल मात्र कडक राहायला हवं. आकाश निरभ्र असतानाही पाणी सुटू शकतं आणि पात्रातल्या खडकावर ट्रायपॉड लावून पाठमोऱ्या उभ्या माणसाला ते वेळेत कळेलच असं नाही. रंध्याचे चांगले फोटो वरच्या कठड्यापाशी उभं राहूनच मिळतात.

आता उजेड. हिवाळ्याची खरी देणगी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

२२ डिसेंबरच्या आसपास भंडारदऱ्याच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांपर्यंतच चढतो. उगवतो तोही बरोबर पूर्वेला नाही, जवळजवळ २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो. म्हणजे दिवसभर ऊन तिरकं येतं आणि दक्षिणेच्या बाजूनेच येतं. याचा पहिला परिणाम असा की ज्या कड्याचं तोंड सरळ उत्तरेकडे आहे, त्याच्यावर या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन पडतच नाही. तिथे दिवसभर मऊ, निळसर सावली असते आणि लांब शटरचे फोटो घाई न करता काढता येतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्याला जवळपास सगळा दिवस ऊन मिळतं. तिथे पहाटेनंतर लगेच किंवा अगदी संध्याकाळीच जावं. कोकणाकडे उतरणाऱ्या कड्यांवरचे धबधबे साधारण पश्चिमेकडे तोंड करून असतात. सकाळी ते सावलीत असतात, दुपारी उजळतात. देशावर पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांचं बहुधा याच्या उलट. नदी वळणं घेत असते, त्यामुळे ‘बहुधा’ या शब्दावर विसंबू नका. नकाशा उघडा, फोनमधल्या होकायंत्राने कड्याचं तोंड कुठे आहे ते पाहा आणि जायची वेळ त्यावरून ठरवा. माझ्या अनुभवात कॅमेऱ्याच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा फोटोवर जास्त परिणाम करणारा निर्णय हाच असतो.

हा तिरका उजेड सावलीच्या सीमेवर सगळ्यात सुंदर दिसतो. ऊन कड्यावरून खाली सरकत असतं तेव्हा अर्धी भिंत उजळलेली आणि अर्धी काळोखात, असा पाव तास येतो. धार उन्हात आणि तिच्यामागचा खडक अजून सावलीत असेल, तर पाण्याचा प्रत्येक तंतू सुटा दिसतो. असा क्षण एकदा हेरून ठेवला की दुसऱ्या दिवशीही जवळपास त्याच वेळी मिळतो, कारण डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सूर्याची वाट फारशी बदलत नाही. जमत असेल तर एक रात्र जवळच्या गावात मुक्काम करा. पहिला दिवस बघण्याचा, दुसरा टिपण्याचा.

तुषार उडत असतील तर इंद्रधनुष्याचा विचार जरूर करा. पाठीवर सूर्य घेऊन उभं राहिलं की आपल्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर ते उमटतं. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर गेला की ते क्षितिजाच्या खाली जातं आणि समोर बघणाऱ्याला दिसत नाही. उन्हाळ्यात दिवसाचे कितीतरी तास सूर्य त्याहून उंच असतो. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे तो साधारण अकरा ते दोन एवढाच वेळ त्या उंचीच्या वर असतो. बाकी दिवसभर धनुष्याला संधी आहे. कड्याच्या माथ्यावरून खाली दरीत पाहत असाल तर ते भर दुपारीही दिसू शकतं. पोलरायझर लावला असेल तर तो सावकाश फिरवून पाहा. एका बाजूला फिरवला की धनुष्य खुलतं, दुसऱ्या बाजूला फिरवला की पार पुसलं जातं.

पाण्याचं रेशीम करणारा लांब शटर सगळ्यांना माहीत आहे. पण पावसाळ्यातला आकडा हिवाळ्यात चालत नाही, हे फार थोडे सांगतात. भरपूर पाणी असताना अर्धा-एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तरी धार भरीव दिसते, कारण प्रत्येक क्षणी त्या जागी पाणी असतंच. बारीक धार मात्र वाऱ्याने डोलते, तुटते, पुन्हा जुळते. तिला दोन-चार सेकंद दिले तर मागचा खडक तिच्यातून आरपार दिसायला लागतो आणि हाती येतो नुसता धुरकट पट्टा. मी कितीतरी चांगल्या सकाळी अशा घालवल्या आहेत. बारीक धारेसाठी १/१५ ते १/४ सेकंद यांच्या दरम्यान प्रयोग करा. पाणी वाहताना दिसेल इतपत पुसट आणि त्याचे धागे वेगळे राहतील इतपत स्पष्ट. १/१५, १/८, १/४ असे तिन्ही काढून घरी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. प्रत्येक धारेचा वेग आणि जाडी वेगळी असते, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे लागू होत नाही. खडकाच्या पायऱ्यांवरून घरंगळणारं पाणी सावकाश चालतं, त्याला अर्धा सेकंदही मानवतो. वरून सुटून पडणाऱ्या पाण्याला मानवत नाही.

यासाठी महागडे काळे फिल्टर लागतीलच असं नाही. घळीतल्या सावलीत उजेड उन्हापेक्षा तीन-चार स्टॉपने कमी असतो. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/११ ठेवलं तर शटर आपोआप १/२५ ते १/१२ च्या घरात येतो. त्यावर पोलरायझर लावला की आणखी दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो आणि आपल्याला हवं तिथे आपण पोचतो. फिल्टरसाठी पैसे बाजूला ठेवले असतील तर पहिला पोलरायझरच घ्या. ओल्या बेसाल्टवर आकाशाची पांढरी चकाकी असते. ती काढून टाकली की खडकाचा मूळ काळा-तपकिरी रंग आणि शेवाळाचा हिरवा वर येतो. ही करामत नंतर संगणकावर करता येत नाही. उन्हात काम करायचंच असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर पुरतो. दहा स्टॉपचा हिवाळ्यातल्या धारेला गरजेपेक्षा जड होतो. शटर लांबवण्यासाठी ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करण्याचा मोहही टाळा. प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळा फोटो किंचित मऊ पडतो.

याच्या अगदी उलट वाटही आहे आणि मला ती अलीकडे जास्त आवडू लागली आहे. ऊन धारेच्या मागून किंवा बाजूने येत असेल आणि पाठीमागे काळी सावली असेल, तर शटर १/१००० सेकंदावर न्या. धार तुटून थेंबांची माळ होते आणि प्रत्येक थेंब उन्हात पेटलेला दिसतो. पावसाळ्यात असा फोटो मिळणं अवघड, कारण तेव्हा पाणी जास्त आणि ऊन कमी असतं.

एक्स्पोजरमध्ये चूक होते ती काळा खडक आणि पांढरं पाणी यांच्यातल्या अंतरामुळे. चौकटीत खडक जास्त असला की कॅमेरा त्याला उजळ करायला जातो आणि पाण्यातला सगळा तपशील जळून जातो. अर्धा ते एक स्टॉप कमी एक्स्पोजर देऊन सुरुवात करा, हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाला नजर ठेवा आणि रॉमध्ये काढा. खडकातला अंधार नंतर थोडा उचलता येतो. पाण्याचा जळलेला पांढरा परत आणता येत नाही. सावलीत काढलेले फोटो निळे येतात. तो निळा सगळाच काढून टाकू नका, थंडीची जाणीव त्यातच असते. मी व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवतो आणि घरी थोडाफार हलवतो.

खडकाबद्दल थोडं सांगतो, कारण हिवाळ्यात चौकटीतला मोठा हिस्सा त्याचाच असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक लाव्हाचे थर पसरत गेले, त्यातून हा दगड झाला. काही थर घट्ट आहेत, काही सच्छिद्र आणि मऊ. पाणी मऊ थर लवकर झिजवतं आणि घट्ट थर ओठासारखा पुढे राहतो. धबधब्याच्या पायऱ्या अशा होतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातीचा पट्टाही दिसतो. पावसाळ्यात हे सगळं पाण्याआड असतं. ते ओळखता आलं की चौकट कशी धरायची तेही कळतं. आडव्या थरांच्या रेषा चौकटीला समांतर ठेवा, उभी धार मधोमध न ठेवता एका अंगाला घ्या, आणि ओल्या खडकाची काळी किनार कोरड्या करड्या खडकापासून जिथे वेगळी होते, ती जागा शोधा. पाणी पूर्वी किती रुंद होतं याची खूण ती किनारच देते.

संपूर्ण धबधबा एका चौकटीत घ्यायचा अट्टहास सोडा. ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स हिवाळ्यात रुंद लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडते. एक पायरी, एक खळगा, कड्यावरच्या वाळल्या गवताची सोनेरी झालर आणि तिच्या शेजारून जाणारी धार, एवढं पुरतं. उंची दाखवायची असेल तर माणूस उभा करण्यापेक्षा थांबा आणि पाहा. थंडीत पाणवठ्यावर धोबी पक्षी हमखास येतात, शेपटी हलवत दगडादगडावर फिरतात. डोहाच्या काठी एवढासा पक्षी दिसला की कड्याची उंची आपोआप कळते. पहाटे डोहाचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे त्यावरून वाफ निघते. ऊन पोचल्यावर ती थोड्याच वेळात विरते. त्यासाठी अंधारात चालत यावं लागतं.

मोबाइलवरही हे जमतं. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो चालू ठेवून काढलेल्या चित्राला नंतर लाँग एक्स्पोजरचा परिणाम देता येतो. अँड्रॉइडच्या अनेक फोनमध्ये प्रो मोडमध्ये शटर हाताने ठरवता येतो. फोनचं ॲपर्चर सहसा बदलत नाही, म्हणून उन्हात लांब शटर दिला की चित्र पांढरं पडतं. सावलीची वेळ निवडा, आयएसओ सगळ्यात खाली आणा, फोन दगडाला टेकवून स्थिर करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

थिजलेल्या धबधब्याची ओढ असेल तर लाहौलमधलं सिस्सू आता सोयीचं झालं आहे. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीला गेलेली मराठी कुटुंबं हिवाळ्यातही तिथे पोचू लागली आहेत. चंद्रा नदीच्या पलीकडचा सिस्सूचा धबधबा कडक थंडीत गोठत जातो. तिथे उलटी चूक होते. बर्फ पांढरं असल्यामुळे कॅमेरा त्याला करडं करतो, म्हणून एक ते दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यावं लागतं. बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. खोलीत परतण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड घट्ट बांधा आणि तासाभराने उघडा. तसं केलं नाही तर उबदार हवेतली वाफ थंड लेन्सवर जमते, आतही जमते. लटकणाऱ्या बर्फाखाली उभे राहू नका, ऊन चढलं की ते सुटतं.

आपल्याकडे धोका शेवाळाचा आणि मधमाश्यांचा. पाणी उतरल्यावर खडकावर जो पातळ हिरवा-काळा थर राहतो, तो कोरडा दिसतो पण निसरडा असतो. पाऊल टाकण्याआधी ट्रायपॉडच्या पायाने चाचपून पाहा. पाणी पडतं त्याच्या आसपासच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी लटकलेली असू शकतात. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे वर पाहणं. पोळी दिसली तर लांब राहा, अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, फ्लॅश मारू नका. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये, आणि पोळ्यांच्या आसपास तो कधीच नको.

डिसेंबरात नाशिककडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत ऊन त्याच्या कितीतरी आधी जातं. ऊन गेलं की लोक आवरतात. तुम्ही आणखी वीस मिनिटं थांबा. खडक काळा पडत जातो, पण पाणी अजून आकाशाचा उजेड धरून असतं आणि धार सगळ्यात ठळक याच वेळी दिसते. पोलरायझर काढून ठेवा, आयएसओ २०० करा, शटर १/४ वर ठेवा आणि वारा थांबला की बटण दाबा. बॅगेत टॉर्च असू द्या, परतीची वाट अंधारातच चालायची आहे.